दिवाळीत पाहुणे, फटाके, परतीचा पाऊस आणि घरचा कुत्रा : तुम्ही कसं सांभाळता?

तांबूची_आई, नौपाडा, ठाणे | वसुबारसेच्या आधीचा रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहिते आहे, कारण सगळी परिस्थिती सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

तांबू आमचा गावठी कुत्रा, ६ वर्षांचा. जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात रिकाम्या क्रेटखाली भिजत बसलेलं पिल्लू होतं ते. आता २० किलोंचा आहे. एरवी इतका समजूतदार की जिन्यात कुणी भेटलं तर भिंतीला चिकटून थांबतो, माणूस पुढे गेला की मग निघतो. पण आवाज त्याला सोसत नाही. गणपतीत ढोल सुरू झाले की बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसतो आणि थरथर थांबायला तास-दीड तास लागतो.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला मी उंबऱ्याशी पणत्या मांडत होते. दार सताड उघडं. खाली कुणीतरी लड लावली आणि तांबू माझ्या कुशीजवळून निसटून तीन मजले उतरून गेला. गळ्यात पट्टा नव्हता. सकाळी त्यालाही अंघोळ घातली होती, पट्टा बाल्कनीत वाळत होता. रात्रभर आम्ही गोखले रोड, राम मारुती रोड, स्टेशन, पुन्हा गोखले रोड असं फिरलो. नवऱ्याचा आवाज हाका मारून बसला. पहाटे साडेपाचला तलावपाळीला बोटिंगच्या धक्क्याजवळ सापडला. एका फुलवाल्या दादांनी त्याला पोत्यावर बसवून ठेवलं होतं. एक नख मुळापासून उपटलेलं होतं, दोन दिवस अन्नाला शिवला नाही.

यंदा आणखी एक गोष्ट आहे. माझी आत्या, वय ७८, साताऱ्याहून भाऊबीजेला येते आहे. माझे बाबा माझ्याकडेच असतात. मांडीच्या हाडाच्या ऑपरेशननंतर त्यांचा प्रवास बंद झाला, म्हणून तीच निघाली आहे, तीन वर्षांनी. तिला लहानपणी कुत्रा चावला होता आणि पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागली होती. आजही रस्त्यात कुत्रा दिसला की ती पदर घट्ट धरते. तिच्याबरोबर माझा चुलतभाऊ, वहिनी आणि त्यांचा ४ वर्षांचा मुलगा. घर दोन खोल्या आणि हॉल एवढंच.

नवरा म्हणतो, तांबूला चार दिवस बोर्डिंगला ठेवू. मला धीर होत नाही. त्यात रोज संध्याकाळी गडगडाट चालूच आहे, पाऊस काही जायचं नाव घेत नाही. ज्यांनी हे निभावलं आहे त्यांनी कृपया लिहा.

सानपाडा_पाचवा_मजला | त्याच रात्री, ११:०५

बोर्डिंगला माझा विरोध नाही, आमची लॅब्रॅडॉर वर्षातून दोनदा राहते. पण तिला आधी दिवसभर, मग एक रात्र, मग दोन रात्री अशी सवय लावली होती. दिवाळीला आठवडा उरलेला असताना नवी जागा दाखवू नका. आधीच घाबरणारा कुत्रा, अनोळखी वास, आजूबाजूला भुंकणारी दहा कुत्री आणि वर तेच फटाके. घरी निदान तुम्ही तरी असाल.

पट्टा मात्र चोवीस तास गळ्यात. त्यावर फोन नंबर कोरलेली पत्र्याची चकती लावा, स्टेशनबाहेर चावीवाले करून देतात.

पशुवैद्य_ऐरोली | सोमवार, सकाळी ७:४०

ताई, तुमचं वाचून रात्रीच लिहायचं होतं.

आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,०००च्या आसपास. शिवाय बारीक आवाजही त्याला आपल्यापेक्षा खूप लांबून कळतो. तुम्हाला दोन गल्ल्या पलीकडचा फटाका ‘लांब’ वाटतो, त्याला तो दारात वाटतो. आणि फटाका कधी वाजणार याचा अंदाज नसतो. ढगांचं थोडं वेगळं आहे. गार वारा सुटतो, अंधारून येतं, हवेचा दाब बदलतो, म्हणून बरीच कुत्री पहिल्या गडगडाटाच्या आधीच येरझाऱ्या घालायला लागतात. दोन्हींना घाबरणारी कुत्री मी दर दिवाळीत बघतो.

आज किंवा उद्याच तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. आवाजाच्या भीतीवर चांगली औषधं आहेत. ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन ही त्यांतली नेहमीची. मात्रा वजन, वय आणि मूत्रपिंड-यकृताची स्थिती बघून ठरते, म्हणून इथे लिहीत नाही. एक मात्र जरूर करा. डॉक्टरांनी दिलेली गोळी दिवाळीच्या आधी एखाद्या शांत दिवशी देऊन बघा. काही कुत्र्यांना जास्त गुंगी येते, काहींना उलट चुळबुळ होते. हे लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळून उपयोग नाही. आणि गोळी आवाज सुरू व्हायच्या आधी पोटात जायला हवी. थरथर सुरू झाल्यावर दिलेली गोळी अर्धीच लागू पडते.

पूर्वी एसेप्रोमाझिन सर्रास देत. त्याने कुत्रा आडवा पडतो, घरच्यांना वाटतं शांत झाला. भीती मात्र आत तशीच असते, फक्त त्याला हलता येत नाही. कुणी ‘झोपेची गोळी’ म्हणून तेवढंच देत असेल तर प्रश्न विचारा. घरातली माणसांची औषधं अजिबात नको. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखी आहेत.

बाकी : संध्याकाळचं फिरणं ५च्या आत उरका. जेवण लवकर द्या. सगळ्यात आतली खोली त्याची, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा फुल, टीव्ही किंवा रेडिओ चालू. बाथरूममध्ये बसायचं असेल तर बसू द्या, ओढून बाहेर काढू नका.

तांबूची_आई | सोमवार, दुपारी १:१५

डॉक्टर, खूप आभार. संध्याकाळची वेळ घेतली आहे. एक विचारू? घाबरलेला असताना जवळ घेतलं की त्याची भीती वाढते, ‘लाड केले की डोक्यात बसतं’, असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं. म्हणून गेली दोन वर्षं मी मुद्दाम त्याच्याकडे लक्ष द्यायचे नाही. ते चुकलं का?

पशुवैद्य_ऐरोली | सोमवार, दुपारी २:३०

हो. भीती ही काही त्याने शिकलेली युक्ती नाही, की शाबासकी दिली तर तो ती पुन्हा करेल. जवळ येत असेल तर घ्या. छातीवर, खांद्यावर सावकाश, दाबून हात फिरवा. दूर जाऊन बसत असेल तर तिथे बसू द्या. प्रत्येक धडाक्यानंतर लगेच त्याच्या सगळ्यात आवडीचा तुकडा द्या, उकडलेली कोंबडी किंवा पनीर. आवाज झाला की काहीतरी चांगलं येतं, अशी सांगड बसते. खात नसेल तर जबरदस्ती नको, खाण्याच्या पलीकडे घाबरलाय इतकंच त्यातून समजायचं. रेकॉर्ड केलेले आवाज अगदी बारीक लावून सवय लावण्याची पद्धतही आहे, पण तिला आठवडेच्या आठवडे लागतात. ते पुढच्या दिवाळीसाठी.

तांबूची_आई | सोमवार, दुपारी २:४२

वाचून रडू आलं. दोन वर्षं तो बादलीमागून माझ्याकडे बघायचा.

निवांत_दुपार, वाशी | सोमवार, रात्री ९:१०

फराळाबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. तीन वर्षांपूर्वी आमच्या ब्रूनोने पाहुण्यांच्या पिशवीतला करंज्यांचा डबा फोडला. सारणात भरपूर बेदाणे. आम्ही हसलो, फोटो काढले. रात्री उलट्या, दुसऱ्या दिवशी मलूल, तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद. बेदाणे, मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात आणि किती खाल्ली तर चालतात याचा भरवशाचा आकडा नाही. एकाला मूठभर पचतात, दुसरा थोडक्यात जातो. ब्रूनो पाच दिवस सलाइनवर होता. वाचला, पण रक्ताच्या तपासण्या अजून चालू आहेत.

तेव्हापासून आमच्याकडे रव्याच्या लाडवात बेदाणा लावत नाहीत, करंजीत नाहीत, चिवड्यात नाहीत. सासूबाईंनी स्वतः ठरवलं. लसूण शेव, कांदा घातलेलं काहीही बंद, कारण कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेटची खोकी कपाटात वर, जितकं गडद चॉकलेट तितकं वाईट. मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या-मिठाईत झायलिटॉल असू शकतं, तेही भयंकर. पाडव्याच्या मटणाची शिजलेली हाडं टोकदार फुटतात, ती नकोत. पणतीतलं तेल-तूप चाटणारे कुत्रेही असतात, त्यांचं पोट बिघडतं.

खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. त्याने वेगळंच संकट येतं. डबा, उरलेला फराळ हातात घ्या आणि थेट डॉक्टर गाठा.

कोलशेतकर | सोमवार, रात्री ९:५५

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. मुलं वर्षभर या चार दिवसांची वाट बघतात. माझा मुलगा १० वर्षांचा आहे, त्याला मी ‘फटाके नाही’ कसं सांगू? कुत्रेवाल्यांनी चार दिवस सांभाळून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. कुणाला दुखवायचं नाही.

घंटाळी_गल्ली | सोमवार, रात्री १०:३०

दादा, मुलाला नाही म्हणा असं कुणी म्हणत नाही. पण वेळेला धरून झालं तर सगळ्यांचं जमतं. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाच्या फटाक्यांना बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच घातली. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने दिवाळीत रात्री ८ ते १० अशी वेळ ठरवून दिली. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षांपूर्वी सभेत ठरलं : फटाके मागच्या मोकळ्या जागेत, ८ ते ९ या वेळात, जिन्यात आणि पार्किंगमध्ये एकही नाही. बिल्डिंगमध्ये ५ कुत्री, दोन तान्ही बाळं आणि एक हृदयाचे पेशंट आहेत. सगळ्यांना वेळ माहीत असते, त्यामुळे सगळे तयारीत असतात. मुलांनाही सगळे मिळून उडवायला जास्त मजा येते.

कोलशेतकर | मंगळवार, सकाळी ८:२०

ही वेळ ठरवण्याची गोष्ट पटली. आमच्या ग्रुपवर टाकतो.

येऊरच्या_पायथ्याशी | मंगळवार, सकाळी ११:००

वसंत विहार, उपवन, येऊर भागातल्यांसाठी : कुत्रा घाबरून पळाला तर इकडे फक्त गाड्यांची भीती नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबट्याचं येणंजाणं असतं आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. अंधार पडल्यावर कुत्र्याला मोकळं सोडू नका, गेटबाहेर बांधून ठेवू नका. पाहुण्यांच्या गडबडीत ‘जरा बाहेर बांध त्याला’ हे सगळ्यात आधी सुचतं, म्हणून सांगतोय.

नेरूळची_मावशी | मंगळवार, दुपारी ४:४५

तुमच्या आत्याबद्दल लिहिते, कारण माझ्या सासूबाईंचं अगदी हेच होतं.

‘काही करत नाही हो तो’ हे वाक्य घाबरलेल्या माणसाला म्हणू नका. त्यांना एकदा केलेलं आहे. त्या वाक्याने त्यांना वाटतं, माझी भीती यांच्या लेखी खोटी आहे. त्याऐवजी आल्या आल्या सांगा, ‘आत्या, तो आतल्या खोलीत आहे, मधे फाटक आहे, तुम्ही सांगाल तेव्हाच बाहेर येईल.’ आणि ते पाळा. लहान मुलांसाठी दारात अडकवतात ते जाळीचं फाटक आणा, पूर्ण बंद दारापेक्षा बरं. त्याला माणसं दिसतात, रडत नाही. त्यांनाही तो कुठे आहे ते दिसतं. न दिसणाऱ्या कुत्र्याची धास्ती जास्त असते.

त्यांना त्याच्या लसीकरणाचं पुस्तक दाखवा. १४ इंजेक्शनं सोसलेल्या माणसाला रेबीजची लस दरवर्षी टोचली जाते हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचून फार बरं वाटतं. आता माणसांनाही पोटात देत नाहीत, दंडात देतात. पहिल्या दिवशी, मग ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. माझ्या सासूबाईंना हे माहीतच नव्हतं.

देवघराचा प्रश्न असेल तर नैवेद्य होईपर्यंत स्वयंपाकघरात कुत्रा नको, एवढं ठरवून टाका. वाद वाढवू नका. आमच्याकडे मग सासूबाईच म्हणायला लागल्या की दत्ताच्या पायाशी चार उभे आहेत, एक घरात असला तर काय. पण ते त्यांचं त्यांना सुचायला दोन वर्षं लागली.

४ वर्षांच्या मुलाकडे जास्त लक्ष हवं. मुलं गळ्यात पडतात, जेवताना शेपूट ओढतात. कुत्रा झोप नसताना जांभया देतो, ओठ चाटतो, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो, अंग ताठ करतो, तेव्हा तो ‘पुरे’ म्हणत असतो. तेव्हाच मुलाला तिथून उठवा. दोघांना एका खोलीत एकटं एक मिनिटही नको.

बफेलोतली_ठाणेकर | बुधवार, सकाळी ६:१०

माहेर चरईत, राहते अमेरिकेत, बफेलोला. वाचताना २०२२चा नाताळ आठवला.

न्यू जर्सीहून माझे दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं नाताळच्या सुट्टीला आली आणि दुसऱ्याच दिवशी, २३ डिसेंबरला, हिमवादळ सुरू झालं. समोरचं घर दिसेना. विमानतळावर चार दिवसांत ४ फुटांहून जास्त बर्फ नोंदलं गेलं, गाड्या चालवायला बंदी आली, शहरात आणि आसपास चाळीसहून अधिक माणसं गेली. घरात ७ माणसं आणि आमची शेरू. दोन दिवसांसाठी आलेले पाहुणे सहा दिवस राहिले.

शेरू फटाक्याला घाबरत नाही, पण वारा धुराड्यात घुमायला लागला की वेडी व्हायची. आणि बाहेर जाऊन शी-शू करणार कुठे? मागचं दार उघडलं तर बर्फाची भिंत. नवऱ्याने आणि दिरांनी दर चार तासांनी फावड्याने दारापुढे चादरीएवढा चौक मोकळा केला. ती तिथेच, वाऱ्यात डोळे मिटून, उरकायची. पंजे लगेच कोमट पाण्याने पुसायचे, बोटांमध्ये बर्फाचे गोळे होतात. रस्त्यावरच्या मिठाने पंजे चिरतात आणि कुत्री ते चाटतात. इंजिन गोठू नये म्हणून घालतात ते द्रव चवीला गोड असतं आणि थोडंसं चाटूनही कुत्रं दगावू शकतं. गॅरेजमध्ये सांडलेलं असेल तर आधी तिकडे धावा.

त्या सहा दिवसांत एक कळलं. शेरूला मधल्या जेवणाच्या टेबलाखालची जागा हवी होती, तिच्यासाठी तयार केलेली खोली नको होती. आम्ही शेवटी टेबलावर रजया सोडून तंबू केला, मुलं तिच्या शेजारी पुस्तकं वाचत बसली. तांबूला बादलीमागची जागा आवडते ना? मग तिथेच त्याची सतरंजी टाका. बेडरूममध्ये नेण्याचा हट्ट नको.

सानपाडा_पाचवा_मजला | बुधवार, सकाळी ९:००

आपल्याकडे थंडीत वादळ नसतं असं समजू नका. ५ डिसेंबर २०१७ला ओखी चक्रीवादळामुळे मुंबई-ठाण्यात शाळा बंद ठेवल्या होत्या, आदल्या दिवसापासून पाऊस. आमच्याकडे तेव्हा साखरपुडा होता, चाळीस माणसं घरात, आणि कुत्री सोफ्याखाली.

तांबूची_आई | लक्ष्मीपूजन, रात्री ११:५०

पटकन लिहिते. तीन दिवसांपूर्वी गोळी देऊन बघितली, झेपली. आज ४ला फिरवलं, दुपारीच जेवण दिलं, साडेसहाला गोळी. बाथरूममध्ये बादलीमागे सतरंजी, रेडिओ. मी पाटावर दाराशी बसले. पहिल्या तासात पनीर घेतलं नाही. नंतर घेतलं. आता माझ्या पावलावर हनुवटी ठेवून झोपलाय. पणत्या नवऱ्याने लावल्या, दार बंद ठेवून, खिडकीत.

तांबूची_आई | भाऊबीजेनंतरचा शनिवार, सकाळी १०:०५

सगळ्यांना काय झालं ते सांगायचं आहे.

आत्या आली. मावशींनी सांगितलं तसंच सांगितलं. ती म्हणाली, ‘फाटक नीट लागतं ना?’ आणि तीनदा हलवून बघितलं. लसीचं पुस्तक चष्मा लावून वाचलं, तारखांसकट. भाच्याला वहिनीने एकदाही फाटकापलीकडे सोडलं नाही. दुपारी ओवाळणी झाली. बाबा खुर्चीत, आत्या समोर उभी, दोघंही काही बोलले नाहीत. बाबांनी पाकीट दिलं, तिने ते डोक्याला लावलं.

संध्याकाळी ६च्या सुमारास आभाळ फुटलं. गडगडाट आणि लगेच वीज गेली. त्याला गोळी द्यायची वेळ मी चुकवली होती, पाहुण्यांच्या चहात राहून गेलं. तांबू फाटकाशी उभा राहून रडायला लागला, पंजाने जाळी खरवडत. मी आत्याजवळ अंधारात बसले होते, तिचा हात माझ्या हातात, तोही थरथरत होता. मला कुठे जावं कळेना. आत्याच म्हणाली, ‘त्याच्यापाशी जा गं. मला नात्यातली माणसं आहेत इथे.’

मी आत जाऊन बसले. मेणबत्ती लावून तिने खुर्ची पॅसेजमध्ये आणायला सांगितली, फाटकापासून सहा-सात फुटांवर, भिंतीला टेकून. तासभर पाऊस होता. ती जप करत होती. गडगडलं की जप थांबवून विचारायची, ‘बसला का?’ मी म्हणायचे, ‘बसला.’ मग पुन्हा जप. तिने त्याला हात लावला नाही, फाटक उघडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी निघतानाही ती त्याच्या बाजूने गेली नाही.

डॉक्टर, मावशी, बफेलोच्या ताई, सगळ्यांचे आभार. पुढच्या वर्षी गोळीच्या वेळेचा गजर लावणार आहे, दोन फोनवर.

निवांत_दुपार | शनिवार, दुपारी १२:३०

वाचनखूण साठवली. तांबूला माझ्याकडून पनीर.

कोलशेतकर | शनिवार, दुपारी ३:१०

आमच्याकडे पहिल्या वर्षी ८ ते ९:३० जमलं. दोन घरांनी ऐकलं नाही, त्यांच्याशी पुन्हा बोलू. माझ्या मुलाला हा धागा वाचून दाखवला, तो तांबूचा फोटो मागतो आहे.

तांबूची_आई | मार्गशीर्ष, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी

धागा वर काढते आहे, कारण एक प्रश्न आहे. साताऱ्याहून चुलतभावाबरोबर आत्याने एक जुनं घोंगडं पाठवलं आहे, काळं, कडेला लाल रेघ. निरोप एवढाच : ‘थंडी पडली, त्या बादलीपाशी फरशी गार असेल, खाली घाला.’ तांबू कालपासून त्यावरून उठत नाही. पण घोंगड्याला वास येतोय आणि मशीनमध्ये घालायला जीव होत नाही. कसं धुवायचं कुणाला माहीत आहे का?

नेरूळची_मावशी | त्याच दिवशी, रात्री ८:१५

मशीन नको, गरम पाणी नको, आटतं. गार पाण्यात रिठ्याचा फेस करून अर्धा तास बुडवून ठेवा, पिळू नका, दाबून पाणी काढा. सावलीत आडवं वाळवा. दोन दिवस लागतील, तेवढ्यात त्याला दुसरं काही अंथरा.